पुलावरचा आकडा, गळ्यावरचा व्रण

अक्का पहाटे साडेपाचला उठतात, उशाशी ठेवलेल्या फुलपात्रातल्या पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी घेतात आणि मग चहासाठी अर्धा तास थांबतात. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. त्यांचे यजमान गेल्यापासून त्या सांगलीत आमच्याकडे, विश्रामबागेतल्या घरी, खालच्या खोलीत असतात. जन्मभर उठल्याउठल्या चहा घेतलेल्या बाईला हा अर्धा तास अजूनही अवघड जातो. तेवढ्यात त्या फुले काढतात, दारात सडा घालतात, पेपर आला का ते पाहतात आणि मधूनमधून घड्याळाकडे बघतात.

गोळीचे कारण त्यांच्या गळ्यावर आहे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या एकसष्टीला पुण्यातल्या मुलाने साडीऐवजी संपूर्ण शरीराच्या तपासणीचे पॅकेज भेट दिले. त्यात रक्ताच्या साठ-सत्तर चाचण्या होत्या, छातीचा एक्स-रे होता आणि कोणीही न मागितलेली मानेची सोनोग्राफी होती. सोनोग्राफीत ९ मिलिमीटरची, हरभऱ्याएवढी एक गाठ दिसली. सुई घालून पेशी तपासायला पाठवल्या, रिपोर्टात ‘पॅपिलरी कार्सिनोमा’ (थायरॉइडच्या कर्करोगाचा एक प्रकार) हे दोन शब्द आले आणि तिसऱ्या आठवड्यात अक्कांची थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढून झाली होती. तिच्यामागच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या ग्रंथींनाही धक्का लागला असावा, कारण त्यानंतर कित्येक महिने त्यांच्या बोटांना मुंग्या येत आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा कायमचा मागे लागला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला अक्का सांगतात, ‘‘वेळेत सापडलं म्हणून वाचले बघा.’’ मी त्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढते.

काम काढण्याचे कारण असे, की मी एकतीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवले. विद्यार्थी या विषयाला पीएसएम म्हणतात आणि त्याच्या तासाला बहुधा झोपतात. रोगाची लक्षणे नसलेल्या माणसांची सरसकट तपासणी करावी का, हा त्या विषयातला एक धडा. मी तो दर वर्षी शिकवला आणि दर वर्षी त्यात दक्षिण कोरियाची गोष्ट सांगितली. त्या देशाने १९९९ मध्ये कर्करोग-तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. थायरॉइड त्या यादीत नव्हता. परंतु तपासणीला आलेल्या माणसाला ‘थोडे पैसे वर द्या, मानेचीही सोनोग्राफी करून टाकू’ असे सुचवणे रुग्णालयांना सोपे होते आणि लोकांनाही तो सौदा फायद्याचा वाटला. २०११ पर्यंत तिथे थायरॉइडच्या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले. एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक माणसे रुग्ण ठरली आणि जवळजवळ सर्वांवर शस्त्रक्रिया झाली. त्यांपैकी शंभरात अकरा जणांना अक्कांसारखा कॅल्शियमचा त्रास जडला, दोघांच्या स्वरतंतूंना इजा झाली. आणि या कर्करोगाने मरणाऱ्यांचा आकडा मात्र होता तिथेच राहिला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी याविरुद्ध आवाज उठवला, हे आकडे छापून आले, आणि पुढच्या वर्षभरात या शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने घटल्या.

याच्या कितीतरी आधी, १९८५ मध्ये, फिनलंडमधील संशोधकांनी १०१ शवविच्छेदनांत थायरॉइड ग्रंथीचे बारीक काप करून पाहिले होते. त्यांतल्या ३६ जणांच्या ग्रंथीत याच जातीचा सूक्ष्म कर्करोग आढळला. तो घेऊनच ही माणसे जगली होती. अक्कांची गाठ त्यातलीच होती, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि या विषयातली खरी अडचण तीच आहे. अनावश्यक निदान लाख माणसांच्या हिशोबात स्पष्ट दिसते. समोर बसलेल्या एका माणसाकडे बोट दाखवून ‘हे तुमचे अनावश्यक होते’ असे सांगण्याची सोय कोणत्याही शास्त्रात नाही. शस्त्रक्रिया झालेला प्रत्येक जण स्वतःला वाचलेला समजतो आणि त्याला खोटे पाडता येत नाही.

वर्गात हे समजावताना मला पुस्तकातल्या आकृत्यांपेक्षा आपल्या कृष्णेचा उपयोग अधिक झाला. सांगलीच्या मुलांना आयर्विन पुलावरचा आकडा लहानपणापासून ठाऊक असतो: चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, की अर्धे गाव पुलाशी जाऊन पाणी बघून येते. आता समजा, एका घराला पूर येणार हे दोन दिवस आधी कळले आणि दुसऱ्याला पाणी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर कळले. पाणी दोघांच्या उंबऱ्याला एकाच वेळी लागले. बातमी कळल्यापासून पाणी येईपर्यंतचा काळ मोजला तर पहिले घर दोन दिवस अधिक ‘टिकले’ असे दिसेल, पण ते टिकले नाही. त्याला फक्त दोन दिवस अधिक घोर लागला. कर्करोग लवकर सापडलेले रुग्ण निदानानंतर अधिक वर्षे जगतात, या विधानाचे बरेचदा असेच असते. त्या दोन दिवसांत धान्य माळ्यावर गेले, जनावरे हलली, म्हातारी माणसे पाहुण्यांकडे पोहोचली, तरच त्या बातमीचे मोल. म्हणून निदानानंतर जगलेल्या वर्षांपेक्षा मृत्यू मोजावे लागतात, आणि तेही बातमी कळलेल्या व न कळलेल्या अशा दोन्ही वस्त्यांतले.

याच पुराला दुसरी बाजूही आहे. विसर्गाची बातमी येते आणि पाणी घाटाच्या पायऱ्यांवरूनच परत जाते, असे पावसाळे कितीतरी झाले. त्या प्रत्येक वेळी घर रिकामे केले, सामान हलवताना निम्मे मोडले, आणि शेवटी या घरांची गणनाही ‘पुरातून वाचलेल्या’ घरांत केली, तर बचावाची टक्केवारी डोळे दिपवणारी होईल. जितक्या क्षुल्लक पाण्याला घाबरू, तितकी ती वाढत जाईल. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा एखादा तरी जागा होत असे. एस.टी. स्टँडचेही उदाहरण मी देई: केव्हाही स्टँडवर गेले तरी तास तास उभी असणारी गावगाडीच दिसते, पुण्याला जाणारी विनाथांबा आली कधी नि गेली कधी, कळत नाही. ठरावीक मुदतीने केलेल्या तपासणीतही सावकाश वाढणारे कर्करोगच अधिक सापडतात, झपाट्याने वाढणारे दोन तपासण्यांच्या मधल्या काळात डोके वर काढतात.

२०१९ च्या महापुरानंतर हे उदाहरण देणे मला जड जाऊ लागले. मागच्या बाकांवरही घर बुडालेली मुले होती.

स्तनांच्या कर्करोगाबाबत हा वाद साठ वर्षे चालू आहे. १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२,००० स्त्रियांवर पहिला मोठा प्रयोग सुरू झाला. पुढे स्वीडनमधील दोन परगण्यांतल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९८५ मध्ये आले आणि मॅमोग्राफीने, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीने, मृत्यू घटतात असे दोन्हींनी सांगितले. कॅनडाने मात्र १९८० पासून सुमारे ९०,००० स्त्रियांचा पाठपुरावा केला. त्यांपैकी पन्नाशीपुढच्या गटात एका बाजूला हाताने केलेली तपासणी आणि दुसऱ्या बाजूला हाताच्या तपासणीबरोबर मॅमोग्राफी अशी तुलना होती. मृत्यूंत फरक पडला नाही, आणि पंचवीस वर्षांनी, २०१४ मध्येही, तो पडलेला दिसला नाही. कॅनडाची यंत्रे जुनाट होती, गट पाडण्यातच गफलत होती, असे स्वीडिश बाजूचे आरोप. ते कॅनडाने कधी मान्य केले नाहीत. ब्रिटनमध्ये असा कार्यक्रम उभारण्यात हात असलेले लंडनचे शल्यविशारद मायकेल बाऊम पुढे त्याचेच कडवे टीकाकार झाले. २०१२ मध्ये ब्रिटिश तज्ज्ञ समितीने हिशोब मांडला, की एक मृत्यू टळतो त्यामागे तीन स्त्रियांचे अनावश्यक निदान होते. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या पीटर गोट्शे यांनी तेच प्रयोग पुन्हा चाळून तीनाऐवजी दहा असा आकडा दिला. प्रयोग तेच, कोणत्या प्रयोगावर किती भरवसा ठेवायचा, यावर सारा फरक. एखाद्याला वाटेल, शास्त्रज्ञांनाच ठरवता येत नाही तर आम्ही काय करावे? मला स्वतःला ब्रिटिश समितीचा आकडा सत्याच्या अधिक जवळ वाटतो, पण तीन हा आकडाही लहान नाही, आणि स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृती करणाऱ्या गुलाबी रिबिनीच्या फलकांवर तो मी कधी पाहिलेला नाही.

या साऱ्या गदारोळात मी ज्या एका माणसाची वाटचाल लांबून, पण सतत पाहत आले, ते म्हणजे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. इंद्रनील मित्रा. १९९४ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. मॅमोग्राफीविना, केवळ प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणी का पुरेशी ठरू नये, असा त्याचा आशय होता. तेव्हा मी नुकतीच व्याख्याता झाले होते. महागडे यंत्र परवडत नाही म्हणून गरिबांनी हातावर भागवावे, असा अर्थ माझ्यासह अनेकांनी त्यातून काढला. लेखातला विचार त्याच्या उलट होता: कॅनडाच्या प्रयोगात यंत्राने हातावर काही भर घातलेली दिसत नसेल, तर श्रीमंतांनी तरी ते का वापरावे? असा प्रश्न विचारून माणूस थांबू शकतो, सभासंमेलनांत आयुष्यभर तोच मांडून टाळ्याही मिळवू शकतो. मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांची वस्त्यांनुसार दोन गटांत विभागणी केली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण दिले आणि त्यांनी एका गटातल्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चारदा, स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी केली. मग वाट पाहिली.

गर्भाशयमुखाचे उत्तर आधी मिळाले. कापसाने पातळ व्हिनेगर लावायचे, मिनिटभर थांबायचे, पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहायचे, एवढीच ती चाचणी. तिने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. स्तनांचे उत्तर यायला २०२१ उजाडले. लेखापासून सत्तावीस वर्षे! टाळेबंदीच्या काळात, घरात बसून, मी तो निबंध दोनदा वाचला. तपासलेल्या गटात कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडले होते. स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू सर्व वयांत मिळून १५ टक्क्यांनी कमी होते. पण हा फरक योगायोगानेही पडू शकला असता, असे संख्याशास्त्र म्हणत होते. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र घट जवळजवळ ३० टक्के होती, आणि हा वयाचा हिशोब नंतर केलेला आहे, असे निबंधात स्पष्ट लिहिले होते. नंतर केलेल्या हिशोबावर उड्या मारणाऱ्या विद्यार्थ्याला मी तोंडी परीक्षेत सोडले नसते. तरीही पन्नाशीपुढचा तो आकडा मला खरा वाटतो, कारण मॅमोग्राफीच्या प्रयोगांतही तिचा लाभ पन्नाशीनंतरच ठळक होतो. अर्धी हयात खर्चून हाती ‘बहुधा, काहींच्या बाबतीत’ असे उत्तर यावे आणि ते तसेच छापावे, याला काय म्हणतात ते मला आमच्या खात्यात बढतीसाठी लिहिल्या जाणाऱ्या निबंधांची चळत आठवून चांगले कळते. त्या चळतीत माझेही सात आहेत.

आपल्या भागाला अधिक जवळचा प्रयोग बार्शीचा. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग-नोंदणी १९८७ मध्ये तिथे सुरू झाली, आणि १९९९ पासून तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा प्रयोग झाला. मी त्या काळात एकदा तिकडे गेले होते. मिरजेहून पंढरपूरपर्यंत बार्शी लाईटची ती छोटी गाडी आणि पुढे एस.टी. चाचण्या मला पुस्तकातून माहीत होत्या. अप्रूप वाटले ते वह्यांचे. कोणत्या गावची कोणती बाई, तिचा रिपोर्ट काय, ती उपचाराला आली का, नसेल आली तर तिच्या घरी कोण कधी जाऊन आले, हे लिहिलेल्या वह्या. २००९ मध्ये निष्कर्ष आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या चाचणीने, या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. व्हिनेगरच्या चाचणीचा आणि गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पॅप चाचणीचा तिथे म्हणावा तसा परिणाम दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४ मृत्यू झाले आणि ज्यांची तपासणी केली नाही, त्या तुलनेच्या गटात ६४.

त्या ६४ जणींवरून पुढे मोठा वाद झाला. चाचणी उपलब्ध असताना एका गटाला ती न देणे नीतीला धरून होते का? टीकाकारांचा मुद्दा खोडून काढणे मला जमलेले नाही. संशोधकांचे म्हणणे असे, की त्या भागात तपासणीची पद्धतच नव्हती, तेव्हा त्या गटाला जे इतरांना मिळत होते तेच मिळाले. हेही खरेच. सांगलीत बसून हे वाचताना मला सारखे वाटत राही, की जतच्या, आटपाडीच्या, पलीकडे साताऱ्याच्या माण-खटावच्या बायकाही याच तुलनेच्या गटात होत्या. त्यांचे मृत्यू कोणी मोजले नाहीत, एवढेच. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिशीपुढच्या सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी करण्याची योजना आखली, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया शंभरात दोनही निघाल्या नाहीत.

माझ्या वाट्याची एक बाई या हिशोबात आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी जत तालुक्यातल्या एका गावात आम्ही शिबिर घेतले. शिबिर कोणाचे होते, याला महत्त्व नाही. वही माझ्या हातात होती. पन्नाशीच्या आसपासची ती बाई बेदाण्याच्या शेडवर कामाला जाई, मशेरी लावी, आणि पाळी जाऊन चार वर्षे झाल्यावरही मधूनमधून अंगावरून लाल जाते, हे तिने सर्वांत शेवटी, उठता उठता सांगितले. खरे म्हणजे लक्षण दिसणाऱ्या बाईची तपासणी शिबिरातल्या सरसकट तपासणीत मोडत नाही. तिला त्याच दिवशी गाडीत घालून मिरजेला न्यायला हवे होते. मी चिठ्ठी लिहून दिली. ती म्हणाली, ‘‘हंगाम उरकला की जाते बाई.’’ दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला आणि बातमीत तपासलेल्या स्त्रियांचा आकडा आला. त्या आकड्यात ती होती. दोन वर्षांनी मिरजेच्या वॉर्डात मला तिनेच ओळखले. लाईट, म्हणजे किरणोपचार, देऊन झाली होती, पाय सुजले होते. चिठ्ठी तिने घडी करून पिशवीत जपून ठेवली होती, आणि ती दाखवताना तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट कागद हरवला नाही याची खात्री मला पटवून द्यावी असा भाव होता.

त्यानंतर मी शिबिरे बंद केली नाहीत, पण वही बदलली. तपासलेल्यांचा रकाना लहान केला आणि ‘पोहोचली का’ हा रकाना मोठा केला. तो भरायला आशाताईंना घरोघर पुन्हा जावे लागे, त्यामुळे एका वर्षी शिबिरांची संख्या निम्म्यावर आली आणि मला लेखी खुलासा द्यावा लागला. जिथे सोनोग्राफीचे यंत्र हरभऱ्याएवढी गाठ शोधून तीन आठवड्यांत शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचवते आणि जिथे रक्तस्राव सांगणारी बाई चाळीस मैलांवरच्या वॉर्डात दोन वर्षांनी पोहोचते, ती दोन्ही ठिकाणे एकाच जिल्ह्यात आहेत आणि दोन्हीकडे त्या प्रकाराला ‘तपासणी’ हाच शब्द आहे. पॅकेजमध्ये मानेची सोनोग्राफी असते, कारण ती विकता येते. मशेरी लावणाऱ्या बाईला ‘आ कर’ म्हणून बॅटरीच्या उजेडात तिचे तोंड बघणे विकता येत नाही. केरळात तेवढ्याच तपासणीने तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले होते.

परवा रात्री अक्कांच्या मुलीचा बंगळूरहून फोन आला. ‘‘मामी, ऑफिसने चाळिशीच्या पुढच्यांना मॅमोग्राफी फुकट ठेवली आहे. करू का?’’ ती चव्वेचाळीस वर्षांची आहे. मी तिला आकडे सांगितले, पन्नाशीच्या अलीकडे लाभ कमी आणि खोटा गजर जास्त, हे सांगितले. ती वैतागून म्हणाली, ‘‘म्हणजे करू की नको, ते सांग.’’ मी म्हटले, ‘‘आपल्या घरात कोणाला स्तनांचा कर्करोग झालेला नाही, तुलाही काही त्रास नाही. तुझ्या जागी मी पन्नाशीपर्यंत थांबले असते. पण गाठ लागली, काखेत काही जाणवलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रविवार बघू नकोस. आणि एचपीव्हीची चाचणी केलीस का कधी?’’ केली नव्हती. ऑफिसच्या यादीत ती नव्हती.

फोन चालू असताना अक्का पलीकडे वाती वळत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला उठले, तेव्हा त्या गोळी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या.

‘‘काल तू तिला सांगत होतीस ते ऐकलं मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझी काढायला नको होती का गं?’’

चार वर्षांत पहिल्यांदा मला स्वयंपाकघरात काही काम सापडले नाही. मी म्हटले, ‘‘माहीत नाही, अक्का. कदाचित ती तशीच राहिली असती, कदाचित वाढली असती. आता ते कोणालाच सांगता येणार नाही. पण मला त्या वेळी विचारलं असतंत, तर मी जरा थांबू या म्हटलं असतं.’’

‘‘आणि तू होऊन का नाही बोललीस?’’

‘‘रिपोर्टात तो शब्द होता. मलाही भीती वाटली.’’

त्यांनी हात लांबवून गळ्याशी नेला, पदर सारखा केला आणि घड्याळाकडे पाहिले. सहाला सात मिनिटे कमी होती. मी गॅसवर दोन कप पाणी ठेवले आणि तो न पेटवता त्यांच्याजवळ बसून राहिले.